एक फोन, एक माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार

शेवटच्या देशाची उत्तरं आज आली. आता माझं काम सुरू — धुणं! सर त्याला 'माहितीचं शुद्धीकरण' म्हणतात, आमचा आकडेवाला सहकारी, चष्मिस, 'डेटा क्लीनिंग' म्हणतो. मळ काढायचा, पिळायचं, वाळत घालायचं. धुणंच ते.

पाच देशांतल्या कॉलेजच्या मुलांना एकच गोष्ट विचारली आहे — मोबाईलवर शिकणं तुम्हाला कसं वाटतं? तीस विधानं. प्रत्येकापुढे पाच गोल. पहिला गोल 'पूर्णपणे सहमत', शेवटचा 'पूर्णपणे असहमत', मधले मधल्या मतांचे. एक गोल भरायचा, पुढे जायचं. सरांची यात तीन वर्षं गेली, माझी दीड. मी अजून कंत्राटावर. "अहवाल एकदा जाऊ दे, मग तुझ्या नेमणुकीचं बघू," इति सर. हे वाक्य मला तीस विधानांपेक्षा जास्त पाठ आहे.

अहवाल वीस तारखेला जायचा आहे. त्यात ज्या कॉलेजांची उत्तरं धरली जातील, त्यांच्या मुलांना पुढच्या वर्षी अभ्यासासाठी फोन मिळणार. त्यामुळे सगळी कॉलेजं एकदम वक्तशीर झाली आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

देशादेशांची गंमत. बर्फाकडची मुलं (त्या देशाला मी आणि चष्मिस असंच म्हणतो) कशालाच ठाम हो म्हणत नाहीत. मोबाईलवर शिकायला आवडतं? मधला गोल. त्रास होतो? मधला गोल. घर पेटलंय का विचारलं तरी मधलाच भरतील. बंदराकडची मुलं याच्या अगदी उलट. 'मोबाईलमुळे अभ्यास सोपा होतो' — पूर्णपणे सहमत. पुढचंच विधान, 'मोबाईलमुळे अभ्यास अवघड होतो' — तेही पूर्णपणे सहमत. भिडस्त लोक, कुणाला नाही म्हणवत नाही.

आणि आमची मुलं? मागे सर छडी घेऊन उभे असल्यासारखी भरलेली उत्तरं. 'विद्यापीठाचं ॲप मला आवडतं' — सगळ्यांना आवडतं! ते ॲप कुणालाही आवडत नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकलंय.

एका विधानावर मात्र आतापर्यंत उघडलेले चारही देश एक झालेत (बेटाकडची उत्तरं अजून लावायची आहेत). 'मोबाईलवर शिकताना मला एकटं वाटतं.' बर्फाकडच्यांनीसुद्धा मधला गोल सोडून पहिला भरलाय. चष्मिस म्हणाला, "हे पहिल्या पानावर जाणार." मला वाचून कसंसंच झालं. एवढी मुलं, हातात एवढा फोन, आणि एकटी.

संध्याकाळी पेन सापडेना. सगळं घर पालथं घातलं. आई शिलाई मशीनवरून न उठता म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." पेन केसात खोचलेलं होतं.

तिचं हल्ली काय चाललंय कळत नाही. मागच्या आठवड्यात ब्लाउजला हुक लावता लावता मधेच विचारते, "'कधीकधी' आणि 'बऱ्याचदा' यात फरक किती गं?" मी घाईत होते. म्हटलं, ज्याचा त्यानं ठरवायचा. "असं होय," म्हणाली आणि हुक लावत बसली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पकडलं!

प्रत्येक उत्तराबरोबर ते कुठल्या फोनवरून आलं, त्याचा एक ओळख-क्रमांक येतो. आमचा नियम साधा आहे: एक फोन, एक माणूस. एकाच फोनवरून दोन उत्तरं आली तर कुणीतरी लबाडी केली, दोन्ही काढायची. नियम मीच लिहिलाय, त्यामुळे जरा अभिमानाचा.

आज बेटाकडची उत्तरं लावून बघितली. चाळीसच्या वर उत्तरं, एका दुपारची, आणि फोन — एकच! मी तीनदा लावून पाहिलं. चष्मिसला बोलावलं. त्यानं चष्मा पुसला, परत लावला, म्हणाला, "बसल्या बैठकीला एकटीनं भरलीत." एकटी म्हणजे तिथल्या प्राध्यापिका, बेटावरच्या बाई. त्यांचं नाव तिथून आलेल्या प्रत्येक पत्राखाली असतं. अक्षर टपोरं आणि मजकूर तुटक. एकदा त्यांनी आमच्या प्रश्नावलीतल्या चुका दाखवल्या होत्या. मला तेव्हाच राग आला होता.

सगळी उत्तरं काढून टाकली. बेटच गेलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सर खूश. खोटं पकडलं म्हणून नव्हे, आपण पकडलं म्हणून. दुपारच्या समितीच्या बैठकीत त्यांनी सांगूनही टाकलं, "आमच्याकडे तपासणी किती कडक आहे पाहा." चार मोठी माणसं माझ्याकडे वळून हसली. मीही हसले. खोटं कशाला लिहू, छान वाटलं.

जाता जाता आपल्या कॉलेजचाही मळ काढला. एका फोनवरून दोन उत्तरं, आणि तो फोन माझाच निघाला. एक मी चाचणीसाठी भरलेलं. दुसरं आठवेना. वय अठ्ठावन्न, विषय इतिहास — चाचणी भरताना मी काहीही ठोकते. दोन्ही काढली. नियम म्हणजे नियम, स्वतःलासुद्धा.

१० फेब्रुवारी, सोमवार

सरांनी बेटाच्या प्राचार्यांना पत्र पाठवलं. 'गंभीर स्वरूपाची अनियमितता.' मी टाइप केलं, तेव्हा शब्द जड वाटला. पण बसत होता.

शिवाय हुकूम सुटला: उत्तरांचा साठा ज्यांच्या फोनवर उघडतो त्यांनी आजच्या आज फोनला कुलूप लावावं. माझ्या फोनला कधीच नव्हतं. घरात आई आणि मी, कुलूप कुणासाठी लावायचं? आज लावलं. सहा आकडी.

तसंही फोनचं काहीतरी बिघडलंय. रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते, सकाळी बॅटरी निम्मी. म्हातारा झाला बहुतेक. परवा मी लवकर उठले तर आईच्या हातात होता. म्हटलं, काय करतेस? म्हणाली, "वेळ बघत होते." तिच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मालिका बघत असणार, आणि सांगायची लाज वाटत असणार. तिचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात फक्त मावशी बोलते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बॅटरी सकाळी पूर्ण भरलेली. म्हणजे मालिकाच! आकडा आईला सांगायचा राहून गेला. तिनंही विचारला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बेटावरच्या बाईंचं उत्तर. सरांना नाही, मला. एवढंच: "प्राचार्यांनी मला सोमवारी चौकशीला बोलावलं आहे. तोवर मला प्रकल्पातून बाजूला केलं आहे. मुलींना अजून सांगितलेलं नाही. तुमचा नियम कोणता, तो मला शब्दशः हवा."

शब्दशः पाठवला. 'एक फोन, एक माणूस.' पाठवताना ते वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचल्यासारखं झालं. काय झालं ते नीट सांगता येत नाही.

दोन मिनिटांत पलीकडून: "उद्या बोलू. व्हिडिओवर. माझ्या वर्गातून."

आई आज गप्प गप्प. विचारलं तर "काही नाही, डोकं जड आहे." मशीनही बंदच होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहून काढते.

बाई माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुऱ्या. पन्नाशीच्या, केस कसून बांधलेले. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, बहुधा पाण्याच्या तांब्याला, कारण चित्र सारखं कलत होतं. मागे वर्ग. बाकांवर मुली, आपापल्या कामात. आम्ही दोघींनाही परक्या असलेल्या भाषेत बोलत होतो, त्यामुळे भांडायलाही सोपे शब्द शोधावे लागत होते. पण त्या भांडल्याच नाहीत.

म्हणाल्या, "तुमच्याकडे प्रत्येक मुलाकडे फोन आहे का?"

म्हटलं, बहुतेकांकडे.

"इथे या वर्गात एक आहे. तुम्ही आत्ता ज्याच्यावर मला बघताय तो. माझा. सकाळी आल्यावर टेबलावर ठेवते, घरी जाताना उचलते. मधे तो माझा नसतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात एक मुलगी आली आणि टेबलावर डस्टर ठेवून उभी राहिली. फळा पुसायचं साधं डस्टर. बाईंनी तिला हातानंच 'थांब' केलं आणि मला सांगितलं, "ज्याच्या हातात डस्टर, त्याचा नंबर. वाद नको म्हणून मुलींनीच काढलेली पद्धत. तुमची प्रश्नावली आली त्या दुपारी हे डस्टर सगळ्या वर्गातून फिरलं. एकेकीनं इथे बसून भरलं. मी दाराशी उभी होते, कुणाच्या डोक्यावरून बघायचं नाही म्हणून."

मला त्यांची उत्तरं आठवली. एकीला मोबाईल अजिबात आवडत नव्हता, दुसरी त्याच्यावाचून नापास झाली असती. कुठलीच दोन सारखी नव्हती. एकट्या बाईनं बसून भरली असती तर इतकी वेगवेगळी भरली असती का? हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. मी उत्तरं वाचलीच नाहीत, फक्त फोन मोजला.

बाई म्हणाल्या, "तुमच्या पहिल्याच विधानात 'माझ्या मोबाईलवर' असं होतं. मुलींनी विचारलं, बाई, माझा म्हणजे कुणाचा? मी सांगितलं, हातात आहे तोवर तुझा."

ती मुलगी अजून उभीच. शेवटी बाई म्हणाल्या, "हिला निबंध पाठवायचाय. वेळ संपत आलाय. माफ करा." मुलीनं वाकून माझ्याकडे बघितलं, मान हलवली — ओशाळून नाही, रांगेतल्या माणसाला हलवावी तशी — आणि फोन उचलला. कॉल बंद.

मग बेटाची काढलेली उत्तरं उघडली आणि पहिल्यांदा एकेक वाचली. 'मोबाईलवर शिकताना मला एकटं वाटतं.' पाच देशांत हा एकच देश असा, जिथं सगळ्यांनी शेवटचा गोल भरला होता. पूर्णपणे असहमत. कसं वाटेल एकटं? मागे डस्टर घेऊन कुणीतरी उभं असतं.

म्हणजे ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना मी, फोन नाही म्हणून, फोनच्या यादीतून काढलं. वर शाबासकी घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. काही सुचत नाही. दिवसभर घर आवरलं, आवरलेलं परत आवरलं. आई म्हणाली, "ऑफिसात काही झालं का?" म्हटलं, काही नाही. दोघीही 'काही नाही'वर जगतोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सांगितलं. ऐकून घेतलं, चहा गार होऊ दिला. मग: "हे सगळं खरं असेलही. पण मी समितीत बोलून बसलोय. आता तोंडघशी पडायचं का?"

म्हटलं, सर, तिकडे आज त्यांची चौकशी आहे.

"एका फोनवरून चाळीस जणी! कोण मानेल?"

म्हटलं, मी बघितलं.

"तू एक डस्टर बघितलंस."

हे मात्र लागलं. परत आले, चष्मिसला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हा आता 'किती जणींचा नमुना बघितलास?' असं विचारणार. तो म्हणाला, "आकड्यात दाखवू." जेवणाची सुट्टी सोडून बसला. एकाच माणसानं भरलेली उत्तरं एकमेकांसारखी दिसतात, भरायचा वेगही सारखा असतो. बेटाच्या उत्तरांत प्रत्येकीचा वेग वेगळा, मधे फोन हातातून हातात जायला लागेल एवढी थांबण्याची जागा, आणि मतं तर चाळीस वाटांची. "हा एक माणूस असेल तर वेडा आहे," चष्मिस म्हणाला. त्याच्या तोंडून हे प्रमाणपत्रच.

बाईंना कळवलं की चौकशी पुढे ढकलायला सांगा, चूक आमची आहे. 'आमची' लिहिलं, मग खोडून 'माझी' केलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी चष्मिसचे तक्ते बघितले. बराच वेळ बघितले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "समितीला काय सांगायचं?"

"नियम मी लिहिला होता, तो चुकीचा होता, असं सांगा. माझ्या नावानं लिहा."

"मग नेमणुकीचं या वर्षी काही होत नाही, हे लक्षात घे. नेमणूक करणारी समितीही तीच आहे."

म्हटलं, घेतलं लक्षात.

घेतलंय का? रडू आलं थोडं, बाथरूममध्ये, नळ सोडून. एकतीस वर्षांची घोडी. पण गेल्या शुक्रवारनंतर आज पहिल्यांदा पोटभर जेवले, हेही खरं.

सर दारातून परत वळून म्हणाले, "त्यांच्या प्राचार्यांना पत्र मी लिहितो. तू टाइप करू नकोस." माणूस वाईट नाही. उंच चढून बसलाय, उतरायला वेळ लागतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बेट परत आलं.

नवा नियम: फोन एक असला तरी उत्तरं वाचा. चष्मिस म्हणाला, हा नियम नाही, ही कामं वाढवायची युक्ती आहे. पण सगळ्या कॉलेजांची काढलेली उत्तरं त्यानं माझ्याबरोबर वाचली. बंदराकडे एका खोलीत राहणारे दोघे सापडले, बर्फाकडे एक नवरा-बायको. (दोघांनीही मधलेच गोल भरलेले. सुखी संसार.) सगळ्यांना परत घातलं. आपल्या कॉलेजची फक्त माझ्या फोनवरची दोन होती, चाचणीची, ती तशीच राहू दिली. त्यांत काय वाचायचं!

बाईंचं पत्र: "चौकशी रद्द. मुलींना शेवटी सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या बाईंना रांगेत उभं राहायची सवय नाही का?"

हसले, आणि मग जरा कमी हसले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी अहवाल गेला. पाचही देश आत. आता त्यात बदल करता येत नाही. पहिल्या पानावर 'एकटं वाटतं', आणि खाली बेटाचा परिच्छेद, मी लिहिलेला. सरांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही. संध्याकाळी आमच्या विभागात सगळ्यांना चहा. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. थकले. पण बरं वाटतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना आईला सगळं सांगितलं — बेट, डस्टर, नेमणूक गेली तेही. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. ताटं उचलता उचलता म्हणाली, "म्हणजे एका फोनवरून दोघींनी भरलं, तर तू दोघींचं काढत होतीस."

"काढत होते. आता सगळ्यांचं परत घातलं."

"माझंही?"

आई आमच्याच कॉलेजातून बाहेरून बी.ए. करतेय. पहिलं वर्ष, इतिहास. रोज पहाटे, मी उठायच्या आत, माझ्या फोनवर. पास झाल्यावर सांगणार होती. दहा तारखेपासून अभ्यास बंद, कारण फोनला कुलूप. परीक्षा सोमवारी आहे. म्हटलं, आकडा मागायचास की! म्हणाली, "तुझ्या ऑफिसचं काही असेल म्हणून गप्प बसले."

फोन तिच्यापुढे ठेवला, आकडा सांगितला. मग धीर करून विचारलं, ते एकटं वाटतं म्हणून विधान होतं, त्याला काय भरलंस?

"पहिला गोल," आई म्हणाली.